पंधराव्या वर्षी कर्णधारपद: मुलगा तयार आहे हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोळा वर्षांखालील रग्बी लीग संघाचे प्रशिक्षक आहात. संघातला सर्वांत चांगला खेळाडू पंधरा वर्षांचा, हाफबॅकच्या जागी, म्हणजे संघाच्या चाली ठरवणाऱ्या जागी, खेळणारा. या मोसमात त्यालाच कर्णधार करावं असं क्लबच्या समितीला वाटतं, त्याच्या वडिलांना तर फारच वाटतं. तुमच्या मनात मात्र धाकधूक आहे. मुलगा अजून कच्चा आहे, की तुम्हीच त्याला उगाच मागे ओढताय, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. त्याचं वय बाजूला ठेवा, त्याचा खेळही क्षणभर बाजूला ठेवा आणि दुसऱ्या कुणाची चूक झाली की पुढच्या मिनिटभरात तो काय करतो ते बघा. सोबत्याच्या हातून चेंडू निसटला, कुणाचा टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) हुकला, समोरच्यांनी ट्राय केला (आपल्या गोललाइनपलीकडे चेंडू टेकवून चार गुण घेतले), अशा वेळी पद नसतानाही जो मुलगा त्या सोबत्याला सावरायला जातो, तो तयार असतो. नाणेफेक, रेफरीशी बोलणं, पेनल्टी मिळाल्यावर काय करायचं हे सगळं शिकवता येतं. ही एक गोष्ट पंधराव्या वर्षी नव्याने रुजवणं फार अवघड जातं.

हे बघायची उत्तम जागा म्हणजे आपल्यावर ट्राय झाल्यानंतरचे गोलखांब. समोरचा किकर कन्व्हर्जनची, म्हणजे ट्रायनंतर मिळणाऱ्या दोन गुणांच्या किकची, तयारी करत असतो आणि आपले तेराही जण खांबांखाली जमतात. प्रशिक्षक तिथे नसतो, आईवडील लांब असतात. आणि आपल्या खेळात या वेळेला फार वजन आहे, कारण नेहमीच्या नियमाप्रमाणे ज्यांच्यावर गुण झाले त्यांनीच किक-ऑफ मारायची असते. म्हणजे ट्राय खाल्ला तरी चेंडू आपल्याला मिळत नाही. चेंडू असलेल्या संघाला एका वेळी सहा टॅकल होईपर्यंत तो ठेवता येतो, म्हणून दमलेल्या पोरांना पुन्हा सहा टॅकल बचाव करायचा असतो. लहान गटांत एका ट्रायच्या पाठोपाठ दुसरा आणि तिसरा ट्राय पडताना तुम्ही पाहिला असेल. त्यामागे बऱ्याचदा त्या खांबांखालच्या मिनिटात मोडलेली मनं असतात.

तिथे एखादा मुलगा खाली मान घालून मनगटाची पट्टी नीट करत बसतो. एखादा ओरडतो, "चला रे, जोर लावा!" त्याचा हेतू चांगला असतो, पण जोर कुठे लावायचा हे कुणालाच कळत नाही. आणि क्वचित एखादा मुलगा असं बोलतो: "डावीकडे आपण आत ओढले गेलो. आता पहिले तीन टॅकल मधल्या चौघांनी मिळून करा, मार्कर सरळ उभे राहा, कडेचे लोक तुमच्या हाकेवर पुढे येतील." एवढंच. (मार्कर म्हणजे टॅकल झाल्यावर चेंडूवाल्याच्या समोर उभे राहणारे बचावपटू.) दोष कुणालाच नाही, काम मात्र प्रत्येकाला. हे वाक्य ज्याच्या तोंडून आपसूक येतं, त्याच्या नावापुढे मी खूण करून ठेवतो.

एका सामन्यातलं अजून डोळ्यांसमोर आहे. कडेला खेळणाऱ्या आमच्या विंगरच्या हातून उंच मारलेली किक सुटली आणि तिथेच ट्राय झाला. पोरगा रडवेला झाला. सेकंड-रोला, म्हणजे फॉरवर्डांच्या दुसऱ्या फळीत, खेळणारा एक शांत मुलगा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सुटलेल्या चेंडूबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, "पुढची किक परत तुझ्यावरच मारणार आहेत. मी तुझ्या पुढ्यात धावत येतो, तू फक्त चेंडू बघ." समोरच्यांनी किक खरंच तिकडेच मारली, आणि हा मुलगा मैदानाच्या मधून धापा टाकत त्या कोपऱ्यापर्यंत आला होता. विंगरने झेल घेतला. मला त्या झेलापेक्षा ते धावणं महत्त्वाचं वाटलं. नुसता धीर कुणीही देतं, दिलेला शब्द पाळायला पाय झिजवावे लागतात.

आता तुमच्या हाफबॅककडे येतो, कारण इथे एक चकवा आहे आणि चांगले प्रशिक्षकही त्यात सापडतात. हाफबॅक बोलतो, कारण बोलणं हे त्याच्या जागेचं कामच आहे. कोणती चाल, कोणती बाजू, शेवटच्या टॅकलला किक कुठे, हे सगळं सात नंबरचा खेळाडूच ओरडून सांगतो. बाहेरून बघणाऱ्या समितीला वाटतं, हाच तर संघ चालवतोय! तो चाली चालवतोय, हे खरं. माणसं सांभाळतोय का, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून तो चेंडूशिवाय असताना बघा. गोललाइनवर बचाव चालू असताना आतल्या बाजूच्या दमलेल्या प्रॉपला (मधल्या झुंजीतल्या धिप्पाड खेळाडूला) तो नावाने हाक मारतो का? त्याने मागितलेला पास न देता हुकर (टॅकलनंतर चेंडू उचलून पुढे देणारा) स्वतःच घुसला आणि पकडला गेला, तर हा हात हवेत उडवतो का? ते उडणारे हात संघातले सगळे बघतात. ज्याच्यावर हात उडवले गेले, तो मुलगा पुढच्या वेळी धोका पत्करत नाही. शिवाय त्याची स्वतःची किक थेट बाहेर गेल्यावर पुढच्या सेटमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या सहा टॅकलच्या फेरीत, पहिला टॅकल करायला तो पुढे येतो, की मागे रेंगाळतो, तेही नोंदवून ठेवा.

वयाबद्दल तुम्ही विचारलंत, तर मोठ्यांच्या खेळातली तीन उदाहरणं घ्या. केव्हिन सिनफिल्डला २००३ मध्ये इंग्लंडच्या लीड्स ऱ्हायनोज क्लबचं कर्णधारपद मिळालं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी लीड्सने १९७२ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि २०१५ पर्यंत त्याच्या नेतृत्वाखाली सुपर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, सात ग्रँड फायनल जिंकल्या. लोकांच्या लक्षात राहतं ते त्याचं बावीस वर्षांचं वय. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तो सोळाव्या वर्षी, १९९७ मध्ये, पहिल्या संघाकडून खेळला होता. म्हणजे कर्णधार होण्याआधी सहाएक वर्षं त्याने मोठ्या माणसांची ड्रेसिंग रूम आतून पाहिली होती. ऑस्ट्रेलियातल्या पेनरिथ क्लबचा हाफबॅक नेथन क्लिअरी २०१६ मध्ये पहिल्या संघात आला आणि २०२१ मध्ये कर्णधार झाला, तोही एकटा नव्हे, आयझाया येओच्या जोडीने. तिथल्याच मेलबर्न स्टॉर्मचे प्रशिक्षक क्रेग बेलामी यांनी २००६ च्या मोसमात कर्णधारपद काही खेळाडूंमध्ये फिरतं ठेवलं होतं. त्यांतला एक होता कॅमेरॉन स्मिथ, जो पुढे वर्षानुवर्षं त्या संघाचा कर्णधार राहिला.

या तिघांकडे बघून मी वय मोजणं सोडलं आणि मुक्काम मोजायला लागलो. तुमचा मुलगा या संघात, याच मुलांबरोबर किती काळ आहे? हरलेल्या संघात तो कधी होता का? राखीव बाकावर कधी बसला का? पंधराव्या वर्षापर्यंत सतत सगळ्यांत चांगलाच राहिलेल्या मुलाला बाकावर बसलेल्याचं मन कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. ते त्याने अनुभवलेलंच नसतं. मुलींच्या संघात हे आणखी जपून बघा, कारण बऱ्याच मुली या खेळात उशिरा येतात. सोळा वर्षांच्या मुलीचा खेळातला अनुभव दोनच मोसमांचा असू शकतो.

शरीराचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. तेरा-चौदाव्या वर्षी काही मुलं झटकन वाढतात आणि त्या वयात ती मैदानावर राज्य करतात. तीन-तीन जणांना ओढत नेणाऱ्या मुलाच्या मागे सगळे आपोआप जातात. दोन वर्षांत बाकीचे त्याच्या उंचीला येतात, मग टॅकल मोडत नाहीत आणि त्याचा आवाजही बसतो. असा मुलगा कर्णधार असेल तर त्याच्यावर एकाच वेळी दोन संकटं येतात, खेळ घसरतो आणि वरून पदाचं ओझं. तुमचा हाफबॅक याच्या उलट, छोट्या चणीचा असेल, तर ती चांगली खूण धरा. छोट्या मुलाला सोबत्यांना विचारात घेऊनच खेळावं लागतं.

जागेचा विचारही करावा लागतो, पण त्यात फार अडकू नका. प्रॉप पहिल्या पंचवीसेक मिनिटांनी बाहेर येतो, त्यामुळे नेमक्या निर्णयाच्या वेळी कर्णधार बाकावर असण्याची शक्यता असते. सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या फुलबॅकला सगळं मैदान दिसतं, पण रेफरी लांब असतो. हुकर प्रत्येक प्ले-द-बॉलजवळ (टॅकलनंतर चेंडू पायाने मागे सारून खेळ पुन्हा सुरू होतो तिथे) असतो, रेफरीच्या कानाशी असतो, मात्र मोठ्यांच्या सामन्यात चाळीसेक टॅकल करून त्याचा श्वास उरत नाही. हाफबॅकच्या डोक्यात आधीच चाली आणि किका भरलेल्या असतात. म्हणून हाफबॅकला कर्णधार करायचंच असेल, तर मधल्या फळीतला एखादा मुलगा उपकर्णधार हवाच. क्लिअरी आणि येओ यांची जोडी यासाठी नीट बघण्यासारखी आहे: एक चाली आणि किक सांभाळणारा, दुसरा मधल्या झुंजीत राहणारा लॉक.

रेफरीपुढे तो कसा वागेल, हे सरावातच कळतं. सरावाच्या सामन्यात तुम्ही रेफरी व्हा आणि मुद्दाम दोन-तीन चुकीचे निर्णय द्या. सगळे चिडतील, तेच हवं आहे. मग बघा, तो तुमच्याशी वाद घालतो, की आधी स्वतःच्या चिडलेल्या प्रॉपला मागे ढकलून मग तुमच्याकडे येतो. रेफरीशी बोलायचं काम कर्णधाराचं. बाकीच्यांनी तोंड सोडलं की पेनल्टी जाते, आणि पेनल्टीनंतरही बडबड चालू राहिली तर रेफरी आणखी दहा मीटर पुढे नेऊ शकतो. मी मुलांना एकच सवय लावतो. रेफरीला "का?" विचारू नका, "कोण?" विचारा. "सर, ऑफसाइड कोण होतं? मी त्याला सांगतो." या वाक्याने रेफरीला कळतं की मुलगा मदत करतोय, आणि आपल्यालाही कामाची माहिती मिळते. वरच्या पातळीवर तर आता कर्णधाराच्या डोक्यावर आणखी एक काम आहे. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या सर्वोच्च स्पर्धेत २०२० पासून कर्णधाराला रेफरीच्या निर्णयाला आव्हान देता येतं, आणि ते काही सेकंदांत ठरवावं लागतं. ते चुकलं तर आव्हान संपलं. तिथे शांत डोकं आणि सोबत्याच्या शब्दाची पारख, दोन्ही लागतं. "माझा हात लागलाच नाही" असं दहा जण म्हणतील, त्यांतला खरं बोलणारा कोण, हे त्याला माहीत हवं.

निर्णयाची पारख करायची असेल तर त्याला समोर बसवून एक प्रसंग द्या. आठ मिनिटं उरली आहेत, आपण चार गुणांनी पुढे आहोत, गोलखांबांसमोर वीस मीटरवर पेनल्टी मिळाली. गोल मारून दोन गुण घ्यायचे, की टॅप घेऊन (चेंडूला पायाचा हलका स्पर्श करून खेळ सुरू करून) सहा टॅकल खेळायचे? गोल मारला तर आघाडी सहाची होते, म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही समोरच्यांना ट्रायबरोबर कन्व्हर्जन लागतं. शिवाय किक-ऑफ त्यांनी मारायची, म्हणजे चेंडू परत आपल्याला. हे त्याच्या लक्षात आलं तर खेळ त्याला कळतो. पण मी आणखी एका गोष्टीची वाट बघतो. "आपले प्रॉप किती दमलेत?" किंवा "किकरचा आजचा दिवस कसा आहे?" असं तो विचारतो का? उत्तर काहीही देऊ दे, हा प्रश्न विचारणारा मुलगा मला जास्त आवडतो.

एका बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. डोक्याला मार लागलेला सोबती "कोचला सांगू नकोस" म्हणत असेल, तर कर्णधाराने ताबडतोब हात वर करून खेळ थांबवायला सांगितलं पाहिजे. फायनल असो, तो जिवलग मित्र असो, संघाचा हुकमी खेळाडू असो. मेंदूला धक्का बसल्याची शंका जरी आली, तरी मुलगा बाहेर यायला हवा आणि त्या दिवशी परत आत जायला नको. हे नियमात आहेच, पण मैदानावर सर्वांत आधी दिसतं ते शेजारी खेळणाऱ्याला: पाय अडखळतायत, चाल विसरलाय, डोळे भलतीकडेच आहेत. मी होऊ घातलेल्या कर्णधाराला हे एकटं गाठून थेट विचारतो, "तुझा मित्र तुझ्यावर महिनाभर रुसला तरी सांगशील?" उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला तर हरकत नाही. हे विचार करण्यासारखंच आहे. पण शेवटी "हो" हवं. ते नसेल तर बाकी कितीही गुण असोत, एवढ्यात नाही.

संघाला विचारा, पण "कर्णधार कोण हवा?" असं विचारू नका. त्यात लोकप्रियता निवडून येते. कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि दोन प्रश्न विचारा. वीस गुणांनी मागे असताना तुम्ही कोणाचं ऐकता? आणि तुमची चूक झाल्यावर कोण जवळ आलं तर बरं वाटेल? दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव बऱ्याच वेळा आलं, तर तुमचं अर्धं काम झालं. पहिल्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच नाव आलं, तर तुम्हाला कर्णधार आणि उपकर्णधार दोघं मिळाले. चिठ्ठ्या कुणालाही दाखवू नका, समितीलासुद्धा नाही.

मग त्या मुलाला विचारा. हे राहून जातं, कारण सगळे गृहीत धरतात की त्याला हवंच असणार. त्याला एकट्याला, वडील नसताना विचारा आणि "नाही" म्हणायची वाट खरोखर मोकळी ठेवा. "आत्ता नको वाटत असेल तर तुझ्या निवडीवर काही फरक पडणार नाही" हे शब्दांत सांगा, नुसतं गृहीत धरू नका. या वयात शाळेचा अभ्यास असतो, शरीर वाढत असतं, घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. "अजून एक वर्ष फक्त खेळू द्या, कोच" असं म्हणणाऱ्या मुलाचा मला अभिमान वाटतो. त्याला स्वतःची ताकद कळली आहे.

तो हो म्हणाला तरी पद एकदम देऊ नका. आधी महिनाभर वॉर्म-अप त्याच्याकडे सोपवा. मग सरावात गोललाइनवरच्या बचावाचा आवाज त्याचा, तुम्ही गप्प. हे तुम्हाला जड जाईल, पण गप्प राहा. मग एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्यात अर्धा वेळ तो, अर्धा वेळ दुसरा. मध्यंतराला दोघांनाही आधी बोलू द्या, तुमचं नंतर. त्यानंतर चार-पाच सामन्यांसाठी नेमणूक करा आणि ती तेवढ्याच सामन्यांची आहे हे पूर्ण संघासमोर आधीच सांगा. मुदत ठरलेली असली की ती संपल्यावर पद दुसऱ्याकडे गेलं तरी तो अपमान होत नाही. बेलामींसारखा मुरलेला प्रशिक्षक मोठ्यांच्या संघात कर्णधारपद फिरतं ठेवू शकतो, तर सोळा वर्षांखालच्या संघात त्यात कमीपणा कसला?

त्या चार-पाच सामन्यांत निकाल बघू नका, त्याचा स्वतःचा खेळ बघा. कर्णधारपद झेपत नसलं तर ते आधी पायांत दिसतं. जो मुलगा बचावफळीच्या अंगावर धावून जायचा तो लवकर पास द्यायला लागतो, कारण चूक नको असते. किंवा उलट, प्रत्येक चेंडू स्वतःच मागतो. प्रत्येक पेनल्टीला त्याची नजर तुमच्याकडे, बाजूला वळते. सामन्यानंतर सगळे खिदळत असताना तो एकटा बूट सोडत बसतो. एखादा सामना असं झालं तर काळजी नको. सलग तीन झाले तर मुदत संपण्याआधीच त्याच्याशी बोला. "काम कमी करूया, रेफरीशी बोलणं उपकर्णधाराकडे देऊया" असं सांगून ओझं वाटून द्या. पद काढून घेण्याआधी काम वाटून बघावं, बऱ्याचदा तेवढ्याने मुलगा परत मोकळा खेळायला लागतो.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात त्याच्या किका आहेत, पास आहेत, निवड-चाचण्या आहेत. सोबत्याबरोबर तो कसा वागतो, याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही लपवलं असं मी म्हणत नाही, तुम्ही अजून तिकडे बघितलेलं नसावं. म्हणून माझा सल्ला: मोसमाचे पहिले चार सामने कर्णधार जाहीर करू नका. प्रत्येक सामन्याला वेगळा मुलगा नाणेफेकीला पाठवा, त्यात हाही एक. दर ट्रायनंतर खांबांखाली कोण बोलतं, कोण कोणाजवळ जातं, हे एका वहीत टिपून ठेवा. चेंडूमागे धावणारी नजर काढून तिकडे लावायला सुरुवातीला फार कष्ट पडतात.

समितीला सांगा की निर्णय पाचव्या आठवड्यात होईल आणि तो तुमचा असेल. त्याच्या वडिलांना सामन्याच्या दिवशी, मैदानाच्या कडेला, काही सांगू नका. मधल्या एखाद्या दिवशी बसून बोला. "तुमचा मुलगा हाफबॅक म्हणून संघात आहेच, त्याला कुणी धक्का लावत नाही. कर्णधारपद हे बक्षीस नाही, जास्तीचं काम आहे, आणि ते त्याला पेलेल तेव्हाच मी देईन," एवढं पुरे. पुढे मुलगा कर्णधार झालाच, तर वडिलांना आणखी एक विनंती करा: घरी जाताना गाडीत सामन्याबद्दल आधी मुलाने बोलायचं, वडिलांनी नाही.

आणि पाचव्या आठवड्यात जे नाव ठरेल, ते संघासमोर घ्यायच्या आधी, त्याच दिवशी, ज्याला मिळालं नाही त्या मुलाला बाजूला घेऊन सांगा. कारण सांगा, पुढे काय बघणार आहात ते सांगा, आणि त्याला काही विचारायचं असेल तर थांबून ऐका. ते झाल्यावरच बाकीच्यांना बोलवा.